गोळ्या सुरू करायच्या आधी एन्झायटीवर काय करून बघावं? स्वतः केलेलं सांगा

निवांत_नाही

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

गेले सहासात महिने असं चाललंय की पहाटे चारला टक्क जाग येते आणि डोळे उघडायच्या आधीच धडधड सुरू झालेली असते. कारण काही नाही. म्हणजे कारण मी नंतर शोधते, आधी धडधड येते आणि मग डोकं तिला साजेसं काहीतरी हुडकून आणतं, कालचा ईमेल, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, काहीही चालतं त्याला. ऑफिसात मीटिंगच्या आधी हात गार पडतात, पोटात गोळा येतो. दोन महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये इतकं घाबरायला झालं की तेव्हापासून मी जिन्यानेच जाते, सहावा मजला. लोकांना सांगते फिटनेससाठी.

डॉक्टरांकडे जाऊन आलेय. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर सगळं बघून झालं, सगळं नॉर्मल. म्हणाले एन्झायटी आहे, फार वाढलेली नाही, टेन्शन घेऊ नका, महिनाभराने परत या, वाटलं तर गोळी सुरू करू. टेन्शन घेऊ नका हे ऐकून टेन्शन गेलेला माणूस मला अजून भेटायचाय. गोळीला विरोध नाही माझा, पण त्याआधी आपल्या हातातलं काही असेल तर ते करून बघायचंय. दीर्घ श्वास करून बघितला, त्याने उलट बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं.

यादी नको प्लीज, नेटवरची यादी मला पाठ झालीय. ज्याने त्याने स्वतः केलेलं सांगा.

गोगलगाय

चालणे. बास.

जरा सविस्तर लिहायचं तर मी रोज ४० मिनिटं चालतो, इतकं जोरात की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पहिले पंधरा दिवस ढिम्म फरक नव्हता, बायकोला म्हणलं हे सगळं थोतांड आहे, ती म्हणाली असू दे, निदान तेवढा वेळ घराबाहेर तरी असतोस. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की झोप लागायला वेळ लागत नाहीये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ते याच हिशोबात बसतं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. चढ चढताना छाती धडधडते, घाम येतो, श्वास फुलतो, म्हणजे एन्झायटीत होतं तेच सगळं होतं आणि तरी काही वाईट घडत नाही. रोज हे होत राहिलं की धडधडीची भीतीच थोडी बोथट होते. तुम्ही सहा मजले चढताय ते वाया जात नाहीये, कारण चुकीचं आहे एवढंच. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

पेनाचं_टोपण

निवांत_नाही ताई, मुंग्यांचं कोडं मला सोडवता येईल कारण मी स्वतः त्यात दोन वर्षं घालवलीत.

घाबरल्यावर आपण आधीच भराभर श्वास घेत असतो, त्यात कुणीतरी सांगतं मोठ्ठा श्वास घे, मग आपण भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबतो. ऑक्सिजन तसाही पुरेसा असतो, त्यात फार भर पडत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं, आणि रक्ताची आम्लता बदलते म्हणून बोटांना, ओठांना मुंग्या येतात. मग आपल्याला वाटतं आता नक्कीच काहीतरी गंभीर झालं, की श्वास आणखी जोरात. मी एकदा अशा अवस्थेत थेट इमर्जन्सीत पोचलो होतो, तिथल्या नर्सने एकच वाक्य सांगितलं, "आत घेऊ नका, बाहेर सोडा." तेव्हा राग आला होता, पण त्या एका वाक्यावर माझं अजून चाललंय.

म्हणजे खेळ सगळा उच्छ्वासाचा आहे. मनगटावर नाडी धरून बसा आणि सावकाश श्वास घ्या, श्वास आत जाताना ठोके किंचित लवकर पडतात आणि बाहेर सोडताना रेंगाळतात, बऱ्याच जणांना हे बोटाला चक्क कळतं. हा व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या नसेचा कारभार. म्हणून नाकाने साधाच श्वास घ्यायचा, छाती फुगवायची नाही, आणि गरम कपावर फुंकर मारतो तशी ओठांतून हळूहळू सोडायची. आत चार आकडे, बाहेर सहा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. आकड्यांचं टेन्शन येत असेल तर आकडेही सोडून द्या, बाहेरचा लांब एवढंच लक्षात ठेवा.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांचा एक अभ्यास आला होता, रोज ५ मिनिटं, महिनाभर. एका गटाला उसासे टाकायला लावले, म्हणजे एक श्वास, त्यावर लगेच आणखी एक छोटा, आणि मग लांब सोडायचा. बाकीच्या गटांना श्वासाचे दुसरे प्रकार किंवा ध्यान. एन्झायटी सगळ्यांचीच थोडी कमी झाली, पण मूड सुधारण्यात उसासेवाले पुढे होते. आपण दमल्यावर आपोआप उसासा टाकतो तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं काय झालं गं एवढं, तर त्यांना आता सांगा संशोधन चालू आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे धडधड सुरू झाल्यावर पहिल्यांदा करू नका. बुडायला लागल्यावर पोहायला शिकता येत नाही. आधी महिनाभर रिकाम्या, बऱ्या वेळी करा.

टकमक

वर पेनाचं_टोपण यांनी लिहिलंय त्याची वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझं उत्तर बोअरिंग आहे. कॉफी. दिवसाला पाच कप व्हायचे, शेवटचा संध्याकाळी सहाला, आणि मी रात्री दोन वाजता छताकडे बघत आयुष्याचा विचार करायचे. कॅफीन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकराला अजून अंगातच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याहून बराच जास्त वेळ, हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक असं अमेरिकेचं एफडीए (अन्न आणि औषध खातं) म्हणतं, पण ते सरासरी माणसाचं, एन्झायटीवाल्यांचं मीटर आधीच वर असतं.

एकदम बंद करू नका हां. मी केली होती, दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की घरच्यांशी भांडण. दर तीनचार दिवसांनी एक कप कमी करत आणा. आता सकाळी एकच घेते. एन्झायटी गेली का तर नाही, पण निम्मी धडधड कॉफीची होती आणि मी तिला माझा स्वभाव समजत होते.

रोखठोक

आमच्या वेळी हे एन्झायटी बिन्झायटी काही नव्हतं. कामं असायची. आजकाल रिकामटेकडेपणा वाढलाय म्हणून हे सगळं.

टकमक

@रोखठोक, तुमच्या वेळीही असणारच, तेव्हा "त्याला जरा घाबरट स्वभाव आहे" किंवा "तिचं नेहमी पोट दुखतं" म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २०१९ चा आहे, जगात ३० कोटींहून जास्त लोकांना एन्झायटीचा विकार. एवढे सगळे रिकामटेकडे असते तर जग बंद पडलं असतं.

रोखठोक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

हिरवा_चाफा

मी तर सांगेन औषधी वनस्पतींच्या कॅप्सूल सुरू करा. नेटवर मागवता येतात, नैसर्गिक आहेत त्यामुळे साइड इफेक्टचा प्रश्नच नाही. मी तीन प्रकारच्या एकत्र घेते, काहीतरी लागू पडतंच.

खलबत्ता

हिरवा_चाफा, राग मानू नका पण मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे १८ वर्षं उभा आहे आणि "नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही" हे वाक्य ऐकलं की माझीच एन्झायटी वाढते. धोतराही नैसर्गिकच आहे.

सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचंच उदाहरण बघा. गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करते, आणि कुणी आधीपासून डिप्रेशनची गोळी घेत असेल तर दोन्ही मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) धोकादायक पातळीला जाऊ शकतं. कावा नावाचं मूळ आहे, पॅसिफिक बेटांवरचं, एन्झायटीवर काही अभ्यासांत त्याचा उपयोग दिसलेला आहे, पण लिव्हरला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या म्हणून जर्मनीने २००२ मध्ये त्यावर बंदी घातली, पुढे २०१४ मध्ये कोर्टाने ती उठवली, २०१९ मध्ये परवानगी पुन्हा काढून घेतली, म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नाही. अश्वगंधेचे काही छोटे अभ्यास बरे आहेत, नाही म्हणत नाही, पण थायरॉईडचे आकडे हलवू शकते, लिव्हरच्या तक्रारी तिच्याही नोंदलेल्या आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर त्यातल्या त्यात बऱ्यापैकी अभ्यास झालेत, ढेकर लॅव्हेंडरचे येतात एवढं सांगून ठेवतो.

घेऊच नका असं नाही. पण तीन एकत्र घेतल्यावर काय लागू पडलं आणि कशाने त्रास झाला हे तुम्हालाच कळणार नाही. एका वेळी एक, आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवून. गरोदर असाल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

रच्याकने (जाता जाता), आणखी एक "नैसर्गिक" उपाय लोक सांगतात, रात्री एक पेग. पहिले दोन तास बरं वाटतं, मग पहाटे तीनचारला दारू उतरते तेव्हा मेंदू उलट्या दिशेला उसळतो. त्यावर उतारा म्हणून दुसऱ्या दिवशी परत पेग. हे चक्र मी गिऱ्हाइकांमध्ये बघितलंय, लिहवत नाही.

हिरवा_चाफा

हे माहीत नव्हतं. मी बीपीची गोळी पण घेते. उद्या डॉक्टरांना फोन करते.

साडेतीन_वाजता

ध्यानाबद्दल कुणी बोललं नाही अजून म्हणून लिहितो. मला ध्यान जमत नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की मला माझं हृदय कानात ऐकू येतं आणि मी दोन मिनिटांत उठतो. वर्षभर वाटत होतं आपणच नालायक, मग एका समुपदेशक बाईंनी सांगितलं की काही लोकांना शांत बसल्यावरच जास्त त्रास होतो, त्यांनी डोळे उघडे ठेवून बाहेरच्या कशाकडे तरी लक्ष द्यावं. मी भांडी घासतो. खरंच. पाण्याचा आवाज, साबणाचा बुळबुळीतपणा, ताटाची कड. मन पळालं की परत ताटाच्या कडेवर. घरचे खूश आहेत.

ज्यांना जमतं त्यांच्यासाठी मात्र चांगली बातमी आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत २७६ एन्झायटीच्या पेशंटवर अभ्यास झाला, निम्म्यांना माइंडफुलनेसचा (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा) आठ आठवड्यांचा कोर्स, निम्म्यांना एसिटालोप्राम ही गोळी. शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. पण त्या कोर्समध्ये दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता आणि घरी रोज ४५ मिनिटं बसायचं होतं. मोबाईलवर तीन मिनिटं पावसाचा आवाज ऐकून "मी ध्यान केलं, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी (म्हणजे मीच) हे लक्षात घ्यावं.

मला जास्त उपयोगी पडलं ते स्नायू आवळून सोडणं. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२० च्या दशकात शोधलेलं. मूठ पाचसात सेकंद घट्ट आवळायची, मग सोडून द्यायची आणि वीसेक सेकंद नुसतं बघायचं की सोडल्यावर हाताला कसं वाटतंय. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा असं करत पायापर्यंत. जबड्यापाशी मला कळलं की मी दिवसभर दात आवळून बसलेला असतो. डेंटिस्ट दोन वर्षं हेच सांगत होते.

निवांत_नाही

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. फुंकर मारल्यासारखा श्वास कालपासून करतेय, मुंग्या आल्या नाहीत, एवढ्यानेच रडू आलं मला.

एक प्रश्न. दिवसा मी कशीतरी निभावते पण काळजीचं दळण सारखं चालूच असतं. एक विचार संपला की दुसरा रांगेत. "विचार करू नको" म्हणलं की तोच येतो. याला काय करावं?

उभा_छेद

काळजीला अपॉइंटमेंट द्या.

हसू नका, हे खरंच आहे. १९८३ मध्ये टॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर करून बघितलेली पद्धत आहे. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. माझी संध्याकाळी साडेपाचची, गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. दिवसभरात काळजी आली की तिला हाकलायचं नाही, एका ओळीत वहीत टिपायचं आणि सांगायचं साडेपाचला ये. साडेपाचला वही उघडून मनसोक्त काळजी करायची, त्यातलं ज्यावर काही करता येईल त्यापुढे उद्या करायची एक कृती लिहायची. गंमत अशी की सकाळी अकराला जी गोष्ट जीव घेत असते ती साडेपाचला वाचली की निम्म्या वेळा वाटतं, हे काय लिहिलंय मी. एकदा वहीत नुसतं "शर्मांचा मेसेज!!!" लिहिलेलं होतं आणि मला आठवेना की कसला मेसेज. झोपायच्या वेळेजवळ मात्र ही अपॉइंटमेंट ठेवू नका.

पण ताई, मला खरं बोलायचंय ते तुमच्या लिफ्टबद्दल. सगळ्यांनी तेवढं सोडून दिलंय.

तुम्ही जिन्याने गेलात की त्या क्षणी हुश्श वाटतं ना, तेच हुश्श एन्झायटीचं खाद्य आहे. मेंदू हिशोब मांडतो, लिफ्ट टाळली म्हणून वाचलो, म्हणजे लिफ्ट धोक्याचीच. आज लिफ्ट, उद्या बोगदा, परवा गर्दीची बस. मी असा करत करत दीड वर्षात घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर एवढाच उरलो होतो, आणि या काळात मी ध्यानही करत होतो, चालतही होतो, कॉफीही सोडली होती! सगळे उपाय चालू आणि जग रोज वीतभर लहान होत चाललेलं. मला सुटका मिळाली ती टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने परत करण्यातून. याला एक्स्पोजर म्हणतात, थेरपिस्टकडे जाऊन केलं तर उत्तम, मी आठ सेशन घेतली.

लिफ्टचं असं करता येईल. पहिले दोनतीन दिवस नुसतं दार उघडं धरून आत उभं राहायचं. मग एक मजला. एकाच मजल्याची खेप चारपाच वेळा, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला म्हणजे भीती उतरली, याहून चांगलं मीटर नाही. भीती शून्य व्हायची वाट बघायची नाही, भीतीसकट आत जायचं. आणि हो, आत फुंकर मारायचीच पण "ही भीती आत्ताच्या आत्ता गेली पाहिजे" म्हणून नाही. तशी मारली की श्वासाचीही कुबडी होते, मग श्वास नीट जमला नाही की वेगळी घाबरगुंडी.

पेनाचं_टोपण

शेवटच्या परिच्छेदाला +१००. माझं अगदी हेच झालं होतं, मी वर लिहायचं टाळलं. दोन वर्षं श्वास मोजत होतो आणि सिनेमाला गेलो नव्हतो.

खलबत्ता

कुणी आधीच गोळ्या घेत असेल आणि हा धागा वाचून "आता नैसर्गिकच करू" म्हणून बंद करायच्या विचारात असेल तर मनाने बंद करू नका. झोपेच्या आणि एन्झायटीच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर फिट्ससुद्धा येऊ शकतात. कमी करायच्या तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करून देतात.

आपलं कुठवर आलंय हे कळायला जीएडी-७ नावाची प्रश्नावली आहे, २००६ पासून डॉक्टर वापरतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, २१ पैकी गुण. १० किंवा त्याच्या वर गेलं तर डॉक्टरांशी नीट बोलावं. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर गुण बिण बघत बसू नका, त्याच दिवशी घरच्या कुणालातरी सांगून मदत घ्या.

निवांत_नाही

साडेतीन आठवड्यांनी अपडेट देतेय. जीएडी आधी १२ होतं, काल ९ आलं. डॉक्टरांना दाखवलं, म्हणाले गोळी सुरू करायला अजून थांबू, महिन्याने बघू, आणि एका थेरपिस्टचं नाव दिलं, पुढच्या मंगळवारी पहिलं सेशन आहे.

लिफ्टचं सांगते. पहिले तीन दिवस सुट्टी झाल्यावर सगळे गेले की दार धरून आत उभी राहायचे, वॉचमनने दोनदा विचारलं मॅडम लिफ्ट बिघडलीय का. मग एक मजला, मग दोन. परवा पहिल्यांदा सहाव्या मजल्याचं बटण दाबलं. दुसऱ्यापर्यंत ठीक होतं, तिसऱ्यावर दार उघडलं आणि एकजण खोक्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन आत शिरला, मी पार कोपऱ्यात, बाहेर पडायला वाट नाही. तळहात ओले झाले. चौथ्यावर कानात धडधड ऐकू यायला लागली. मी समोरच्या खोक्यावर काय छापलंय ते वाचत राहिले, "ही बाजू वर", बाण वरच्या दिशेला, पण खोकं उलटं ठेवलं होतं त्यामुळे बाण खाली, आणि मला एकदम हसू आलं. त्या माणसाने वळून बघितलं. सहावा आला.

कॉफी दोनवर आलीय. काळजीची अपॉइंटमेंट सात वाजता, दोनदा विसरले. पहाटे चारचं मात्र तसंच आहे, त्याला काही आहे का?

साडेतीन_वाजता

माझं नाव बघा, तुमच्याआधी अर्धा तास उठतो मी. पहाटेकडे शरीरातलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) चढायला लागतं त्यामुळे त्या वेळी सगळंच मोठं वाटतं. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर लोळत राहू नका, उठून मंद उजेडात काहीतरी रटाळ करा, पेंग आली की परत आडवं व्हा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारीही. आणि किती वाजले ते बघूच नका, मी तेवढ्यासाठी मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवतो.

निवांत_नाही

मोबाईल नाही, माझ्या उशाशी घड्याळच आहे, लाल आकड्यांचं. भिंतीकडे तोंड करून ठेवलंय आत्ताच.